मंगळवेढ्याची तीन चरित्रे : राजसत्ता, ईश्वरी न्याय आणि माणसाची जबाबदारी

प्रस्तावना

मध्ययुगीन मराठी संतचरित्रांत राजदरबाराचे प्रसंग वारंवार येतात. संताला दरबारातून बोलावणे येते, त्याच्यावर आरोप ठेवला जातो अथवा त्याची परीक्षा घेतली जाते आणि अखेरीस राजाहूनही श्रेष्ठ असा कोणी न्यायाधीश आहे, हे श्रोत्यांच्या मनावर ठसवले जाते. मेलेली गाय जिवंत करून दाखवावी, अशी अट बादशहाने नामदेवांना घातल्याची कथा किंवा शिवाजी महाराजांकडून आलेला नजराणा तुकारामांनी परत पाठवल्याची कथा ही या प्रकारची सर्वपरिचित उदाहरणे होत.

या कथांमागील श्रद्धेचे मूल्यमापन करताना मराठी विचारविश्वात दोन भिन्न मते पुढे आली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील इंग्रजी ग्रंथात संतांच्या चळवळीने स्वराज्याची मनोभूमी तयार केली, असे प्रतिपादन केले. याउलट, संतांच्या उपदेशाने समाज निवृत्तिपर व निष्क्रिय बनला, असा आक्षेप इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी घेतला. पुढे गं. बा. सरदार यांनी ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ (१९५०) या ग्रंथात संतकार्याचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्हींचा समतोल विचार मांडला.

तथापि, ‘ईश्वर न्याय करील’ हा विश्वास सर्व संतचरित्रांत एकाच स्वरूपाचा आहे, असे या चर्चेत बहुधा गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी एका मर्यादित परंतु अर्थपूर्ण क्षेत्रात केली आहे. ते क्षेत्र म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे हे गाव. दामाजीपंत, कान्होपात्रा आणि चोखामेळा या तिघांच्या चरित्रांचा निर्णायक भाग याच गावाशी जोडलेला आहे. एकाच भूमीतील या तीन व्यक्तींना सत्तेचा सामना करावा लागला. तिघांचीही श्रद्धा एकाच विठ्ठलावर होती. परंतु तिघांच्या वाट्याला आलेला न्याय सारखा नाही. या भेदाचा अर्थ लावणे हे प्रस्तुत विवेचनाचे मुख्य उद्दिष्ट आहे.

चरित्रकार महिपती आणि हिशेबाची भाषा

दामाजी व कान्होपात्रा यांच्या कथांना आज प्रचलित असलेले रूप प्रामुख्याने महिपती (१७१५–१७९०) यांच्या ‘भक्तिविजय’ या १७६२ मध्ये पूर्ण झालेल्या ओवीबद्ध ग्रंथाने दिले. म्हणजे दामाजींचा काळ आणि त्यांचे हे चरित्र यांत सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे. त्यामुळे या कथांकडे घटनांचा पुरावा म्हणून न पाहता, न्यायाविषयीच्या सामूहिक कल्पनेचा पुरावा म्हणून पाहणे अधिक योग्य ठरते.

महिपती हे आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील ताहराबादचे कुलकर्णी होते. पूजेत असताना जहागीरदाराचे बोलावणे आल्यामुळे त्यांना उठून जावे लागले आणि ते काम आटोपल्यावर, यापुढे लेखणी केवळ संतांच्या सेवेसाठीच चालवायची, असा निश्चय त्यांनी केला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी गावाचे दप्तर सांभाळणाऱ्या माणसाने ही चरित्रे लिहिली, ही गोष्ट महत्त्वाची आहे. वसुली, बाकी, भरणा, पावती हे शब्द त्यांच्या नित्य व्यवहारातील होते.

अर्थात ही भाषा केवळ महिपतींची नाही. एकनाथांच्या भारुडांत अर्जदस्त, अभयपत्र, ताकीदपत्र, जोहार यांसारखी रूपके आढळतात. त्यांत जीव हा रयत किंवा चाकर आणि ईश्वर हा धनी असतो. दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते तुकारामांनी इंद्रायणीत सोडून दिली, ही कथाही कागदाभोवतीच फिरते. राजसत्ता सामान्य माणसाला तलवारीपेक्षा कागदातून अधिक वेळा भेटत असे. म्हणून राजाहून श्रेष्ठ अशा सत्तेची कल्पनाही कागदाच्याच भाषेत केली गेली. दामाजींची कथा हे या कल्पनेचे सर्वात विकसित रूप होय.

दामाजीपंत : कोठार आणि पावती

पंधराव्या शतकात मंगळवेढे बीदरच्या बहामनी सत्तेखाली होते. दामाजीपंत तेथे बादशहाचे अधिकारी होते. १४६० च्या सुमाराचा दुष्काळ ‘दामाजीपंतांचा दुष्काळ’ या नावाने लोकस्मृतीत राहिला. कथेनुसार पंढरपूरहून आलेल्या एका भुकेल्या ब्राह्मणाला अन्न वाढले असता घरची माणसे उपाशी असल्याच्या आठवणीने त्याला रडू कोसळते. दामाजी त्याच्या घरी धान्य पाठवतात; ते उपाशी लोक लुटून नेतात आणि पाठोपाठ मंगळवेढ्यास येतात. तेव्हा दामाजी सरकारी कोठारे रयतेसाठी खुली करतात. हाताखालचा अधिकारी बीदरला कागाळी करतो आणि दामाजींना पकडून आणण्याचा हुकूम सुटतो. ते वाटेत असतानाच ‘विठू महार’ दरबारात हजर होतो, धान्याची संपूर्ण किंमत भरतो आणि रीतसर पावती घेऊन निघून जातो. ती पावती दामाजींना त्यांच्या पोथीत सापडते.

या कथेतील चार बाबींकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे.

पहिली बाब घटनाक्रमाची. दामाजी कोठार उघडतात तेव्हा विठ्ठल आपल्याला वाचवील, असे कोणतेही आश्वासन त्यांना मिळालेले नसते. कृती आधी घडते, शिक्षेची शक्यता स्वीकारली जाते आणि ईश्वरी हस्तक्षेप त्यानंतर होतो. म्हणून या कथेतील श्रद्धा ही कृतीला पर्याय ठरत नाही, ती कृतीचा परिणाम सोसण्याचे बळ ठरते. राजवाडे यांचा निष्क्रियतेचा आक्षेप निदान या चरित्राला लागू पडत नाही.

दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. विठ्ठल बादशहाला शिक्षा करत नाही, त्याचे राज्य उलथवत नाही किंवा धान्य मुळात रयतेचेच होते, असा वादही घालत नाही. तो बादशहाची मागणी पूर्ण मान्य करून पैसे मोजतो. वरकरणी ही राजसत्तेपुढची माघार वाटते. परंतु पावती हाती आल्यावर बादशहाचा दामाजींवरील हक्कच संपुष्टात येतो. राजाच्याच नियमाने राजाचे हात बांधले जातात. शिवाय, त्या महाराला पुन्हा पाहण्याची ओढ आता बादशहाला लागते. बोलावणारा तोच आता वाट पाहणारा होतो. बायबलमधील दानीएलाच्या कथेशी याचे साम्य आहे. तेथेही परकीय राजाच्या चाकरीत असलेला अधिकारी राजाज्ञेविरुद्ध वागतो, आज्ञा रद्द न होता अमलात येते आणि त्या अमलबजावणीच्या पोटातच सुटका घडते. दोन्ही कथांत ईश्वराचे सार्वभौमत्व राजाला पदच्युत करून सिद्ध होत नाही. राजाच्या अधिकाराला कोठेतरी सीमा आहे, हे दाखवून ते सिद्ध होते.

तिसरी बाब विठ्ठलाने घेतलेल्या रूपाची. कीर्तनांतून या रूपाचा अर्थ ‘देवाने भक्तासाठी हीन रूप घेतले’ असा सांगितला जातो. परंतु गावाचा सरकारी भरणा मुख्य ठाण्यापर्यंत पोहोचवणे हे गावगाड्यात महारांचे एक नेमून दिलेले काम होते. म्हणजे पैशाची थैली घेऊन दरबारात येणारा महार हा त्या व्यवस्थेत सर्वाधिक विश्वासार्ह निरोप्या आहे. ज्याच्या प्रामाणिकपणावर राज्याचा महसूल अवलंबून होता, त्यालाच गावकुसाबाहेर राहावे लागत होते, ही विसंगती कथा नकळत उघड करते. बीदरच्या बादशहाने बावन्न हक्कांची सनद दिली, ही महार समाजातील जुनी परंपराही याच संदर्भात विचारात घ्यावी लागते. पावतीप्रमाणे सनद हाही कागदच. मात्र पावती दामाजींना निर्दोष ठरवते, तर सनद महारांचा हक्क सांगते.

चौथी बाब अशी की, या कथेला हिंदू-मुस्लीम संघर्षाचे रूप देणे मूळ निवेदनाशी सुसंगत नाही. दामाजींविरुद्ध कागाळी जाते ती त्यांच्याच कचेरीतून आणि चमत्काराने सर्वाधिक हेलावतो तो बादशहा. कथेचा विषय धर्मांतील वैर हा नाही. उपाशी रयत समोर असताना कोठाराची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याने काय करावे, हा कथेचा विषय आहे.

कान्होपात्रा : आश्रय, परंतु सुटका नाही

कान्होपात्रा मंगळवेढ्यातील श्यामा नावाच्या गणिकेची मुलगी. आईचा व्यवसाय नाकारून ती वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला जाते. तिच्या रूपाची वार्ता बीदरला पोहोचते, बादशहाचे शिपाई येतात आणि ती विठ्ठलाच्या पायांशी प्राण सोडते. मंदिराच्या दक्षिण बाजूचे तरटीचे झाड हे तिचे स्मारक मानले जाते. वारकरी परंपरेत गुरुपरंपरेवाचून संतपद लाभलेली स्त्री म्हणून तिचे स्थान विशेष आहे. १९३१ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ना. वि. कुलकर्णी यांच्या ‘संत कान्होपात्रा’ या नाटकामुळे हे चरित्र आधुनिक प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

दामाजींच्या कथेशी तुलना करता येथील फरक ठळकपणे जाणवतो. सत्ता तीच, देव तोच, पंढरपूरही तेच. परंतु येथे थैली घेऊन कोणी दरबारात जात नाही. दामाजींकडून बादशहाचे येणे होते ते धान्याचे. त्याची किंमत ठरवता येत होती व ती भरताही येत होती. कान्होपात्रेच्या बाबतीत मागणी तिच्या देहाचीच आहे. येथे किंमत मोजणे म्हणजे मागणीची वैधता मान्य करणे ठरले असते. त्यामुळे पावतीचा न्याय येथे अशक्य आहे आणि ईश्वराला करता येण्याजोगी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे तिला सत्तेच्या आवाक्याबाहेर नेणे.

भाविक वाचक याला सायुज्य मुक्ती म्हणतो. तो अर्थ अमान्य करण्याचे कारण नाही. परंतु एका तरुण स्त्रीला जिवंतपणी संरक्षण मिळाले नाही, हे सत्य त्या अर्थाने झाकले जाऊ नये. सोफोक्लीझच्या नाटकातील अँटिगनी राजा क्रेऑनच्या हुकुमापेक्षा देवांचा अलिखित कायदा श्रेष्ठ मानते आणि तिलाही मरणच पत्करावे लागते. फरक असा की, अँटिगनीच्या मृत्यूनंतर क्रेऑनचे घर उद्ध्वस्त होते. कान्होपात्रेची कथा मात्र राजाच्या शिक्षेसाठी थांबत नाही. तिचे लक्ष शेवटपर्यंत आश्रय मागणाऱ्या स्त्रीवर राहते. तिच्या नावावर उपलब्ध असलेल्या मोजक्या अभंगांतील आर्तता याच जाणिवेतून आलेली आहे. ती देवाकडे विजय मागत नाही, आपल्यावर दुसऱ्याचा हक्क चालू नये एवढेच मागते.

चोखामेळा : गावकुसाखालचा प्रश्न

कालानुक्रमे चोखामेळा या दोघांच्याही आधीचे. परंपरेनुसार मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्याच्या वेठीला असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये त्यांचा अंत झाला. नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या त्यांनी ओळखल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली, असे सांगितले जाते.

या चरित्रात बादशहा नाही, दरबार नाही, हुकूमनामाही नाही. वेठीला धरणारी सत्ता गावाचीच आहे. ज्या कुसाच्या आत राहण्याचा अधिकार चोखामेळ्यांना नव्हता, ते कूस उभारताना त्यांचा मृत्यू झाला. मानवी सत्ताधारी म्हटले की दूरच्या राजधानीतील राजा डोळ्यांसमोर येतो. परंतु बहुसंख्य माणसांवर प्रत्यक्ष अधिकार चालवते ती जवळची, रूढीने पक्की झालेली सत्ता. संतचरित्रांतील चमत्कार राजाच्या दरबारात जितक्या सहजतेने घडतात, तितक्या सहजतेने ते या जवळच्या सत्तेचा पाया हलवताना दिसत नाहीत. चोखामेळ्यांचे पुत्र कर्ममेळा यांच्या नावावरील अभंगांत हा प्रश्न थेट देवालाच विचारलेला आहे. तेथे श्रद्धा आहे, पण ती तक्रार दाखल करणारी श्रद्धा आहे.

आता दामाजींच्या कथेकडे पुन्हा पाहिले असता तिचा अर्थ बदलतो. मंगळवेढ्याच्या अधिकाऱ्याला वाचवण्यासाठी विठ्ठल महार होतो. त्याच मंगळवेढ्यात शतकाहून अधिक काळापूर्वी एक खराखुरा महार भक्त भिंतीखाली सापडला होता आणि त्याच्यासाठी कोणीही दुसरे रूप घेतले नव्हते. लोकपरंपरेने या दोन कथा एकाच गावात का सांभाळल्या असाव्यात? ‘विठू महार’ हे रूप म्हणजे चोखामेळ्यांच्या मृत्यूची परंपरेला लागलेली टोचणी असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे. ते सिद्ध करता येणार नाही. परंतु दोन्ही कथा जाणणाऱ्या श्रोत्याला एकीच्या मागे दुसरी ऐकू आल्यावाचून राहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ चा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्याच आंबेडकरांनी संतांनी ईश्वरापुढील समता सांगितली, पण जातिव्यवस्थेविरुद्ध लढा दिला नाही, असे परखडपणे बजावले होते. आदर आणि टीका यांतील हा ताण चोखामेळ्यांच्या चरित्रातच आहे. महारांची वतनी चाकरी बदलण्यासाठी आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. विठू महाराने बीदरला भरणा केला. महारांचा स्वतःचा भरणा मात्र कायद्याच्या कागदावर मांडला जाईपर्यंत बाकीच राहिला.

आटगाव परिसर आणि कथेचे आजचे श्रवण

हरिनाम सप्ताह आणि पंढरीची वारी यांची परंपरा ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात जिवंत आहे. कसारा मार्गावरील आटगावच्या आसपास, शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावांत, दामाजीपंत हे नाव कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. देशावरच्या पेवांऐवजी येथे भाताची कणगी परिचयाची आहे. परंतु ऐन पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, कणगी रिकामी होण्याचा अनुभव सारखाच आहे. आदिवासी कुटुंबांसाठी शासनाला खावटी कर्जाची योजना आखावी लागली, ती याच टंचाईमुळे.

या परिसरात कोठाराचा प्रश्न पाण्याच्या रूपानेही उभा राहतो. आटगावजवळचे तानसा धरण १८९२ मध्ये मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधले गेले. पुढे भातसा जलाशयाची त्यात भर पडली. साठा तालुक्यात आणि तहानही तालुक्यात, अशी स्थिती असून अनेक गावपाड्यांना वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागले आहे. अशा श्रोत्यासमोर दामाजींची कथा सांगताना केवळ पावतीच्या चमत्कारावर भर दिला, तर कथेचा अर्धा भागच सांगितला जातो. किल्ली हाती असलेल्या माणसाने ती वापरली, हा उरलेला अर्धा भाग होय.

याच भूमीच्या इतिहासात त्याचे एक लौकिक उदाहरणही आहे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी कर्जत भागातील शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी धान्यकोठ्यांचा उपक्रम चालवला. १९४२ च्या लढ्यात भूमिगत झालेल्या कोतवालांना २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर हिराजी पाटील यांच्यासह हौतात्म्य आले. त्यांच्या कार्याला संतचरित्राच्या साच्यात बसवणे योग्य नाही. परंतु भुकेल्यांसाठी कोठार उभे करणाऱ्याला सत्तेकडून पावती मिळतेच असे नाही, हे सिद्धगड सांगतो.

पुढे हा प्रश्न दयेच्या क्षेत्रातून हक्काच्या क्षेत्रात आला. सरकारी गोदामे भरलेली असताना माणसे उपाशी का, या मुद्द्यावर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा संमत झाला. दामाजींनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन जे केले, ते आता अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरले आहे.

निष्कर्ष

१. मंगळवेढ्याच्या तीन चरित्रांत ईश्वरी न्यायाची तीन भिन्न रूपे दिसतात : दामाजींना दोषमुक्ती, कान्होपात्रेला आश्रय आणि चोखामेळ्यांना मृत्यूनंतरची ओळख. ही भिन्नता त्यांच्या भक्तीच्या प्रतीतून आलेली नाही. ती सत्तेच्या व्यवस्थेतील त्यांच्या स्थानांतून आलेली आहे.

२. ईश्वर राजाहून श्रेष्ठ आहे, या श्रद्धेने मध्ययुगीन समाजाला राजसत्तेच्या अधिकाराची सीमा कल्पिता आली, हे तिचे मोठे कार्य होय. परंतु जवळच्या, रूढीवर उभ्या असलेल्या सत्तेपुढे ही श्रद्धा एकटी पुरेशी ठरली नाही.

३. दामाजींच्या कथेत मानवी कृती ईश्वरी हस्तक्षेपाच्या आधी येते. त्यामुळे ही कथा निष्क्रियतेचे समर्थन करत नाही. तिचे चमत्कारप्रधान निवेदन मात्र त्या समर्थनासाठी वापरले जाऊ शकते.

४. अध्यापनात ही तीन चरित्रे सुटी सुटी शिकवली जातात. ती एकत्र वाचली गेल्यास मराठी संतपरंपरेतील श्रद्धा अधिक प्रामाणिक व अधिक अस्वस्थ करणारी दिसते. पावती मिळालेल्या भक्ताबरोबरच पावती न मिळालेल्यांचीही नावे याच परंपरेने जपली आहेत. न्याय देवाचा आहे, असे मानणाऱ्या समाजावर ती बाकी फेडण्याची जबाबदारी अधिक पडते, कमी नव्हे.